गिऱ्हाईक भित्रं पाहिजे

शूर माणसाचे किस्से होत नाहीत. तो जातो, काम करतो, घरी येऊन जेवतो आणि झोपतो. त्यात सांगायचं काय? घाबरणारा माणूस मात्र कोपऱ्यावरून दूध घेऊन आला तरी बरोबर दोन किस्से आणतो. आमच्या मांडवीच्या कट्ट्यावर असे किस्से ढिगाने साठलेत, आणि त्यातले निम्मे एकट्या नंदू सावंताच्या लाल बाईकचे आहेत.

कट्ट्यावर आम्ही तिघं. माझं रंगाचं दुकान आहे. दिगू एसटीचा ड्रायव्हर, जन्मभर घाट चढून-उतरून आता निवृत्त झालेला. आणि नंदू विमा एजंट. मी सांगताना फोडणी जास्त घालतो असा या दोघांचा आरोप आहे. तुम्ही फोडणी बाजूला काढून ऐका. घाबरल्याचा भाग तेवढा सगळा खरा!

*

नंदूचा धंदाच मुळी भीतीचा. समोरच्याच्या घरी चहाचा दुसरा घोट घेऊन तो हळूच म्हणणार, "देव न करो, पण समजा उद्या तुम्हाला काही झालं तर?" या एका वाक्यावर त्याने घर बांधलं, मुलीला इंजिनीअर केलं. याच वाक्यामुळे अर्धी रत्नागिरी त्याला बघून रस्ता बदलते.

अशा माणसाने एका सकाळी मोबाईल आमच्या नाकासमोर धरला. पुढे वाकलेली, डोळे वटारलेली लालभडक स्पोर्ट्स बाईक. साडेसहाशे सीसी. सेकंडहँड. देवरूखच्या पलीकडे एका गावात विकायला होती.

"कॉलेजात असल्यापासून मनात आहे रे," नंदू म्हणाला. "पन्नाशी आली. एकदा तरी!"

"एकदाच होईल," दिगू म्हणाला.

घरी सांगायला तो आम्हाला सोबत घेऊन गेला. वहिनी कोलंबी साफ करत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, हात धुतले, नंदूसमोर येऊन बसल्या आणि अगदी त्याच्याच गोड आवाजात म्हणाल्या, "देव न करो, पण समजा उद्या तुम्हाला काही झालं तर?"

इतकी वर्षं हे वाक्य तो लोकांना ऐकवत आला. त्याला कुणी ऐकवलं नव्हतं. माणूस पांढराफटक पडला!

"नुसती बघून येतो," तो कसाबसा म्हणाला.

"बघा की. घ्यायची छाती तुमच्यात नाही, हे मला माहीत आहे."

इथे वहिनी चुकल्या.

*

विकणाऱ्या बाईंना सगळे शिगवण काकी म्हणायचे. आम्ही त्यांच्या घरापुढच्या खळ्यात शिरतोय तोच चिपळूणचे दोन तरुण तणतणत बाहेर पडत होते. "म्हातारीला गाडी विकायचीच नाहीये," त्यातला एक आम्हाला सांगून गेला.

काकींनी आम्हाला पडवीत बसवलं, कोकम सरबत दिलं आणि नंदूला आपादमस्तक न्याहाळलं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली बाईक होती.

"चालवताना भीती वाटंल काय तुमाला?"

दिगूने नंदूला कोपर मारलं. "छे हो काकी! वाघ आहे वाघ!"

"तुमाला नाय विचारलं."

नंदूने सरबताचा पेला खाली ठेवला. "आत्ताच वाटत्ये हो," तो म्हणाला. "अजून ताडपत्रीसुद्धा काढलेली नाही."

काकींचा चेहरा उजळला. "मग तुमालाच द्यायची!"

मग काकींनी सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा अमोल बोटीवर नोकरीला. सुट्टीवर आला की ही गाडी बाहेर काढायचा आणि फोनवर दोस्तांना सांगायचा, आज एकशेचाळीसनं मारली, आज एकशेसाठनं मारली. गेल्या पावसात त्याचा एक दोस्त घाटात बाईक घसरून गेला. तेव्हापासून काकींच्या डोळ्याला डोळा नव्हता. कागदपत्रं त्यांच्याच नावावर होती. अमोल परत यायच्या आत त्यांना गाडी घरातून घालवायची होती.

"मग त्या चिपळूणच्या पोरांना का नाही दिलीत?" मी विचारलं.

"तरण्या पोरांना दिली तर त्यांच्या आयशींची झोप जायची. मला भित्रं गिऱ्हाईक हवं होतं. आज गावलं."

किमतीचं बोलणं सरबत संपायच्या आत झालं. शेवटी काकी म्हणाल्या, "एक शब्द द्या. माजा अमोल तुमच्याकडं आला न चावी मागितली, तर द्यायची नाय. काय वाटेल ते झालं तरी नाय."

नंदूने छातीवर हात ठेवून शब्द दिला. मग सहज त्याची नजर भिंतीवर गेली. अमोलचा फोटो होता. बिनबाह्यांचा बनियन, आणि दंड नंदूच्या मांडीएवढा!

*

गाडी गावाबाहेर काढायची तर ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलंच पाहिजे, असा काकींचा हट्ट. गुरव आला. देवळासमोर बाईक उभी केली, नारळ ठेवला. गुरवाने आधी माहिती घेतली. "किती शीशी म्हनायचं?"

"साडेसहाशे," नंदू म्हणाला.

"बा देवा म्हाराजा! ह्यो नंदू सावंत, ऱ्हानार रत्नागिरी, ही साडेसहाशे शीशीची गाडी तुज्या दारातनं नेतोय..."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ह्येच्या वाटंत म्हस आली, कुत्रा आला, डंपर आला, खड्डा आला, तर बाजूला कर..."

"होय म्हाराजा!"

"ह्येचा ब्रेक नाय लागला, चेन तुटली, टायर फुटला, डोळ्यात चिलट गेलं..."

प्रत्येक शब्दाला नंदू एकेक इंच खाली बसत होता. शेवटी न राहवून तो म्हणाला, "गुरवबुवा, जरा थोडक्यात घ्या ना!"

गुरवाने डोळे उघडले. "देवाला समदं सांगावं लागतं बाबा. सांगायचं ऱ्हायलं, तिथनंच नड येते."

"मग रिक्षावाले पण घाला!" नंदू ओरडला.

"होय म्हाराजा!"

*

परतीच्या वाटेवर नंदू पुढे, दिगू मागे आणि मी माझ्या स्कूटरवर. त्या बाईकची मागची सीट म्हणजे उभी ठेवलेली बिस्किटाची पुडी. दिगूसारख्या भरल्या अंगाच्या माणसाचं त्यावर काय टेकणार! तो नंदूच्या पाठीवर पालथा पडल्यासारखा बसला होता.

पहिल्याच वळणावर नंदूने नुसती मूठ पिळली. त्या गाडीने जो हिसका दिला, त्याने दिगूची टोपी उडाली ती थेट माझ्या स्कूटरच्या डिकीवर येऊन पडली. (बरं, रस्त्यावर पडली.) त्यानंतर हातखंबा गावापर्यंत नंदूने मूठ पिळली म्हणून नाही. आम्हाला टेम्पोने मागे टाकलं, ट्रॅक्टरने मागे टाकलं, सायकलला दुधाच्या किटल्या लावलेल्या एका आजोबांनी मागे टाकलं आणि जाताना म्हणाले, "नवीन शिकताव काय?"

घरी उतरल्यावर दिगूने आधी पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाला, "घाटात ब्रेक गरम झाला, दरड आली, धुकं आलं, पन्नास माणसं मागे बसलेली. मी कधी देवाचं नाव घेतलं नाही. आज तेहतीस कोटी संपले आणि मी परत पहिल्यापासून सुरू केलं!"

*

त्या बाईकची सगळ्यात जास्त भीती ती चालताना नाही, उभी असताना वाटते. दोन माणसांचं वजन, आणि जरा कलली की कलली.

एका दुपारी साळवी स्टॉपच्या पुढे नंदूने बाईक कडेला घेतली. पाय टेकला तो जांभ्या दगडाच्या बारीक खडीवर. पाय सरकला, बाईक डावीकडे झुकली आणि नंदूने ती मांडीवर झेलली. आता वर उचलायची ताकद नाही आणि खाली सोडायची हिंमत नाही. तसाच वाकून, दात आवळून, उन्हात उभा.

लोक येत-जात होते. पण नंदूकडे बघायचं नाही, ही रत्नागिरीला सवयच. बघितलं की "देव न करो" सुरू होणार! तीन ओळखीचे मान वळवून निघून गेले. तो हाक मारायचा, "अहो, जरा इकडे या!" आणि लोक आणखी जोरात चालायचे.

शेवटी कॉलेजच्या दोन मुली थांबल्या. नंदूला हायसं वाटलं. एकीने मोबाईल काढला, त्याच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पोज भारी आहे! जरा हसा ना!"

तो फोटो गावभर फिरून आता आमच्याकडे आहे. नंदू हसतोय. डोळ्यांतून पाणी येतंय.

*

मग वहिनींनी वेळणेश्वराला नवस बोलला. नवरा महिनाभर धड राहिला तर त्याच गाडीवरून येऊन अभिषेक करीन, असा. नवस फेडायला दोघं निघाली, जयगडहून फेरीबोटीने. मी आणि दिगू माझ्या स्कूटरवर.

बोटीत सगळ्यांनी गाड्या स्टँडवर लावल्या आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले. नंदू उतरेना. बोट हलली, बाईक कलंडली, तर थेट खाडीत! दोन्ही ब्रेक आवळून, हेल्मेट घालून, तो बाईकवर बसून राहिला.

खलाशी म्हणाला, "काका, उतरा. तुमी चालवत नाय, बोट आमी चालवतंव."

"तुम्ही तुमचं बघा," हेल्मेटमधून आवाज आला. "मी माझं बघतो."

पलीकडे तवसाळला बोट टेकली तेव्हा त्याची बोटं ब्रेकवर इतकी घट्ट बसली होती, की वहिनींनी ती एकेक करून सोडवली. सोडवता सोडवता म्हणाल्या, "लग्नात माझा हात धरलात तेव्हा इतका घट्ट नव्हता धरलात!"

*

आणि मग तो फोन आला.

"सावंतानू," शिगवण काकी घाईघाईने सांगू लागल्या, "अमोल आलाय. मी गाडी इकली म्हनून दोन दिस बोलला नाय. आता काय न सांगता रत्नागिरीला निघालाय. दिलेला शब्द इसरू नका!"

नंदूने आम्हाला बोलावून घेतलं. मी आलो. दिगू छत्री घेऊन आला. डिसेंबरात! "असू दे हातात," म्हणाला. वहिनींनी चावी तांदळाच्या डब्यात खोल पुरली आणि त्या डब्यावर स्वतः बसल्या.

अमोल आला तो दारातून वाकूनच आत आला. फोटो जुना असावा. आता दाढी होती, मनगटावर नांगर गोंदलेला होता, आणि दंड आणखी वाढले होते. त्याने चहा नको म्हटलं. खिडकीतून खाली बाईककडे बराच वेळ बघत राहिला.

"चावी द्या काका," तो म्हणाला.

नंदू खुर्चीसकट वीतभर मागे सरकला. पण तो उठला. अमोलच्या छातीपर्यंत येत होता बिचारा. वर बघून म्हणाला, "नाही देणार. तुझ्या आईला शब्द दिलाय. ती तुझ्यासाठी रात्ररात्र जागते रे! तुला मारायचं असेल तर मार मला. पण चावी मिळणार नाही."

दिगूने छत्री उचलली, आणि उघडून तिच्या मागे उभा राहिला.

अमोलने छत्रीकडे पाहिलं. मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "बरं. मग तुम्ही चालवा. मी मागं बसतो. एकच फेरी, भाट्याच्या पुलापर्यंत."

याला नाही म्हणायला काकींना दिलेल्या शब्दात काही आधार नव्हता. वहिनी डब्यावरून उठल्या.

नंदू पुढे, तो पहाड मागे. काही झालंच तर पोलिसांना सांगायला कोणीतरी हवं म्हणून मी स्कूटरवर पाठोपाठ. पूल आला. समुद्रावरून वारा सुटला होता. इथे हा पोरगा मागून हात घालून मूठ पिळणार, याची मला खात्रीच होती. मी स्कूटर त्यांच्या अगदी बरोबरीला आणली. माझा काटा तिशीच्या जरा वर होता.

अमोलचे दोन्ही हात नंदूच्या पोटाला गच्च विळखा घालून होते. डोळे मिटलेले. तोंड नंदूच्या पाठीत खुपसलेलं. आणि त्या एवढ्या मोठ्या देहातून बारीक आवाज येत होता,

"काका, हळू घ्या ना हो... पाया पडतो, हळू! आणि हे आईला सांगू नका!"