वहिनीचं ‘काहून?’

माझ्या मोठ्या वहिनीला काहीही सांगा, तिचा पहिला शब्द ठरलेला: “काहून?” म्हणजे, का? नवी नवरी म्हणून ती कळंबला आमच्या घरी आली तेव्हा आई म्हणाली, पपई खायची नाही. “काहून?” आईला तो प्रश्न कधीच सोसला नाही.

वहिनीला चारदा दिवस राहिले आणि चारही वेळा गर्भ पडला. आमच्या घराने काय करावं? गंडे बांधले, उपास धरायला लावले. शेजारणींनी तिला ओटी भरायला बोलावणं बंद केलं. शेवटी आई दादासाठी दुसरी मुलगी पाहू लागली. वहिनी चुलीजवळूनच म्हणाली, “दुसरीचं बी असंच झालं तं? तिसरी आणान?”

वहिनीने हट्टाने गाठलेल्या नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही रक्त मागितलं. दादा चिडला, “माह्यं कायले?”

“पोट माह्यं असन, लेकरू तं दोघायचं हाय ना!”

दोष निघाला दादाच्या गुणसूत्रांत. आईने लगेच तंबी दिली, “घरातली गोष्ट घरातच राहू द्या.” वहिनीची बदनामी गावभर फिरत होती तेव्हा ती घरातली गोष्ट नव्हती!

हे भावंडांतही असू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी तेव्हा उमरखेडला सासरी होते. माझाही गर्भ दोनदा पडला होता आणि सासूची बोलणी रोजची होती. आई मला एक शब्द बोलली नाही, दादाही नाही. वहिनी मात्र एकटी एसटीने आली आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवून बोलली.

“भाऊजी, तुम्ही बी आयका. हिच्या दादाच्या गुणसूत्रायचं असं झालं: तुरीच्या पोत्यात थोडं सोयाबीन गेलं, सोयाबीनच्या पोत्यात थोडी तूर. दोन्ही पोते घरात हायेत तोवर माल पुरा. लेकराच्या वाट्याले त्यातलं एकच गेलं, का काही कमी पडते, काही जास्त होते. मंग गर्भ टिकत नाही. बाई, चूक तुह्यी नाही, माह्यी नव्हती, तुह्या दादाची बी नाही. रगत तपासून घे.”

तपासलं. माझ्यातही तेच निघालं. पुढच्या खेपेला गर्भाची तपासणी वेळेवर झाली आणि मला मुलगी झाली. बारशाला आई म्हणाली, “पाळण्याले तिचा हात नको.” मी पोरगी उचलून वहिनीच्याच मांडीवर ठेवली. आईने पुढे वर्षभर अबोला धरला. तोही माझ्याशी नाही, वहिनीशी!

गेल्या वर्षी वहिनी काविळीने गेली. तेरवीच्या पंगतीत आत्या डोळे पुसत म्हणाली, “बिचारी! कूसच खराब व्हती तिची.” समोर दादा मान खाली घालून जेवत होता. त्याने ऐकलं, तरी जेवत राहिला.

माझी मुलगी वरण वाढत होती. ती जागीच थांबली. “काहून? कोणी सांगतलं तुम्हाले?”

मग मीच सांगितलं, पंगतीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. खोट वहिनीत नव्हती. ती दादात आहे, माझ्यात आहे. या पोरीचंही रक्त तपासायचं आहे आणि ते लपूनछपून होणार नाही.

दादाचा घास हातातच राहिला. राहू दे.