बॉबलिंगेनमध्ये साहेबांनी धरलेली संकष्टी

बाळांनो, तुमच्या आत्याच्या ऑफिसात पुण्याहून पाहुणे आले की त्यांना कुठे फिरवायचं आणि कुठे जेवायला न्यायचं, हे हल्ली मी ठरवते. पगार नाही, पण शब्दाला मान आहे. जर्मनीतलं हे बॉबलिंगेन काही फार मोठं शहर नाही. तळी आहेत, मोटारींच्या कंपन्या आहेत आणि रविवारी दुकानांना कुलपं. नीट आखलं नाही तर पाहुणे हॉटेलच्या खोलीत बसून घरून आणलेला चिवडा खातात.

गेल्या सप्टेंबरात पुण्याच्या मॅडम आल्या. पुढचं काम आत्याच्या गटाकडे ठेवायचं की हॅम्बर्गच्या गटाला द्यायचं, हे त्याच ठरवणार होत्या. काम गेलं असतं तर आत्यालाही हॅम्बर्गला जावं लागलं असतं, आणि आमचं हे घर नुकतंच कुठे लागत होतं. सोफ्याची ऑर्डरसुद्धा आम्ही थांबवून ठेवली होती. म्हणून मी सगळं आधी विचारून घेतलं. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, थंडी सोसते का. तिथीही बघितली होती. पण मॅडमचं विमान हुकलं आणि बुधवारचं जेवण गुरुवारवर गेलं.

गुरुवारी दुपारी तळ्याकाठच्या कॅफेत मी त्यांच्यापुढे सफरचंदाचा केक सरकवला.

"नको काकू, आज संकष्टी."

आत्याचा चेहरा उतरला. टेबल सात वाजताचं होतं आणि तिचे जर्मन साहेब सातला म्हणजे सातलाच जेवतात. ती हळूच म्हणाली, "मॅडम, सातपर्यंत पुण्यात चंद्र उगवलेला असेल."

"मग पुण्यातल्यांनी जेवावं," मॅडम म्हणाल्या. "मी इथे आहे. इथला बघून जेवेन."

मी रेस्टॉरंटला फोन करून टेबल उशिराचं घेतलं, तेही बाहेर गच्चीवर. मग साहेबांना इंग्रजीतून सगळं समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "पाहुण्या उपाशी असताना आम्ही कसे जेवणार? आम्हीही थांबतो." लगेच त्यांनी मोबाइलवर इथल्या चंद्रोदयाची वेळ आणि दिशासुद्धा काढली.

रात्री आम्ही चौघं गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन पूर्वेकडे तोंड करून बसलो. ब्रेडची टोपली समोर आली, तर साहेबांनी तिच्यावर नॅपकिन टाकला. वेळ झाली. आकाशात नुसते ढग. मॅडमना सडकून भूक लागली होती.

"चला, सुरू करू या," त्या म्हणाल्या.

"पण चंद्र दिसला कुठे?" साहेब म्हणाले.

"ढग असले तर वेळ बघून जेवलं तरी चालतं."

"दुपारी हे सांगितलं नव्हतं. दुपारी नियम होता बघायचा."

मॅडम हतबल होऊन माझ्याकडे बघायला लागल्या. "काकू, यांना सांगा ना काहीतरी."

तेवढ्यात वेट्रेस येऊन म्हणाली की किचन बंद व्हायला आलंय. मग मी उठले, चंद्र असायला हवा होता त्या बाजूला हात जोडले आणि म्हणाले, "इथे सगळ्यांत वडील मी आहे. मी सांगते, चालतं."

"हे कुठे लिहिलंय?"

"आई म्हणते म्हणजे लिहिल्यासारखंच," आत्या म्हणाली.

साहेबांनी थोडा विचार केला, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले, आमचं बघून हात जोडले आणि मगच नॅपकिन उचलला. तरी सूप पिताना त्यांची मान ढगांकडेच वळत होती. मॅडम मात्र श्पेट्सले, म्हणजे चीज घातलेल्या इथल्या जाड शेवया, एकदम दोन प्लेट मागवून, ताटलीला लागलेलं चीजही खरवडून जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याचा ऑफिसातून फोन आला. काम बॉबलिंगेनलाच राहिलं होतं. आकडे वगैरे बघूनच ठरलं असणार, पण मीटिंग संपल्यावर मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "माझा उपास माझ्यापेक्षा कडक पाळणारा माणूस डिलिव्हरीच्या तारखा चुकवेल असं मला वाटत नाही."

त्याच संध्याकाळी आम्ही सोफा मागवला. तुम्ही आलात की त्यावर झोपायचं आहे, म्हणून मोठाच घेतलाय.