ढिली कडी

आमच्या टाउनशिपमधली क्वार्टर्स एकाच साच्यातली. तेच फाटक, तोच व्हरांडा. पाहुणेसुद्धा चुकायचे, मग आमच्या ऑटिझम असलेल्या लेकीचं काय! आठ वर्षांची ती, शाळेच्या बसमधून उतरली की दिसेल त्या घरात शिरायची आणि सरळ फ्रिज उघडायची. एक दिवस चार घरं पलीकडची शेजारीण तिला दंडाला धरून घेऊन आली. म्हणाली, "भाभीजी, बुरा मत मानना, पर इसको ताला लगा के रखा करो।"

माझं पित्तच खवळलं. चहा विचारला नाही, पाणी विचारलं नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "ही पोर बसथांब्यावरून एकटी घरी येणार. तोवर मी गप्प बसणार नाही."

"तू गप्प कधी बसतेस?" तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यातली पाळी संपवून थेट घरी आला.

अरेरा कॉलोनीतल्या थेरपिस्टबाई महिन्यातून एकदा भेटत. बाकीचे दिवस थेरपिस्ट आम्हीच. वाट शेवटाकडून शिकवा, असं त्यांनी सांगितलं होतं. म्हणून पहिला आठवडा ती फक्त आमच्या फाटकातून दारापर्यंत एकटी आली. मग शेजारच्या फाटकापासून. मग त्याच्याही पलीकडून. ओळखायला सोपं म्हणून मी आमच्या फाटकाला लाल पत्रा बांधला. ती मात्र वाटेतल्या प्रत्येक फाटकाची कडी हलवायची. लोक वैतागायचे. वैतागू देत. एकदा आठवडाभराच्या तापात सगळं विसरली, तेव्हा मी ओट्याशी उभी राहून रडले आणि पुन्हा पहिल्या फाटकापासून सुरू केलं.

आठ महिन्यांनी ती थांब्यावरून निघून अकराव्या, म्हणजे आमच्या फाटकात एकटी वळली. श्रेय मी लाल पत्र्याला दिलं.

मग एका दुपारी बाजारातून आले, तर रंगारी येऊन गेलेले. सगळी फाटकं एकजात हिरवी, पत्रा गायब. बस यायची वेळ झाली होती. मी चपला घालून धावणार, तेवढ्यात नवऱ्यानं हात धरला. "मध्ये पडायचं नाही, ठरलंय ना आपलं?"

पडद्याआड उभी राहिले. ती आली. एकेक कडी हलवत, ओल्या रंगात हात भरवत. शेजारची कडी हलवून पुढे सरकली. आमची हलवली, खडखडली, आणि ती आत आली. सबंध रांगेत ढिली कडी आमचीच. दुरुस्त करा म्हणून दोन वर्षं मी नवऱ्याचं डोकं खात होते! लेकीनं हिरव्या हातांनी फ्रिज उघडला, आमचा.

नवरा निवृत्त झाला तेव्हा क्वार्टरमधलं सगळं यादीप्रमाणे परत केलं. ती कडी तेवढी कुणालाही न विचारता काढून आणली. आता ती आमच्या अवधपुरीतल्या नव्या घराच्या फाटकावर आहे. संध्याकाळी खडखडली की मी चहाचं आधण ठेवते. खिडकीशी जात नाही.