खंडेनवमीला चालू ठेवलेले कॉम्प्युटर

सांगलीच्या ऑफिसात खंडेनवमीला आम्ही आपापल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. साहेब म्हणाले, "चालूच राहू द्या, पूजेला बरं दिसतं." आम्ही पेढे खाऊन घरी गेलो. आमच्या माघारी साहेबांनी केबिनमधूनच, जागचं न हलता, सगळ्या मशीनमध्ये नवा प्रोग्रॅम भरला.

दसऱ्यानंतर मी कामावर आले. टायपिंग थांबवून घोटभर पाणी प्यायले, तोच फोन खणखणला.

"बाई, मघापासून एक अक्षर उमटलेलं नाही."

त्या नव्या प्रोग्रॅममुळे आम्हा सगळ्यांचे स्क्रीन साहेबांना आता केबिनमध्ये दिसत होते.

पुढच्या खंडेनवमीला मी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नाही. पूजा आपल्या हत्याराची करतात. हे तर साहेबांचं होतं. त्यांनीच यावं की कुंकू लावायला!