आजारी पडायचं तर मे महिन्यात

आमच्या बचत गटाच्या बैठकीचं काम पाव तासात उरकतं. मग दुखण्यांचं बोलणं निघतं, ते गुरं परतेपर्यंत चालतं. कुणाची कंबर, कुणाचं पित्त, कुणाच्या पोराचे जंत. पावसाळ्याआधी आपण पडवीत लाकडं रचून ठेवतो ना, तसे हे किस्से आमच्याकडे रचून पडलेत. काही हसायचे आहेत. बरेचसे नाहीत.

आमची वाडी सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, पायथ्याशी. डांबरी रस्ता पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडेच संपतो; ओलांडायला साकव, अलीकडे पायवाट. पुरुष मुंबईला. ते सगळे एकदम घरी असतात ते मे महिन्यात. म्हणून आमच्यात बोलतात, "आजारी पडायचं तर मे महिन्यात पडावं, उचलायला खांदे असतात."

चंदू मे महिन्यातच गेला.

* * *

पण आधी त्याच्या आईचं सांगते. भागीआय, माझी शेजारीण. झाडपाल्याचं औषध द्यायची. पोट बिघडलं, कुड्याची साल. पित्त उठलं, आमसुलाचं पाणी. पोराला खोकला, अडुळसा. मिरजोळ्याला एमआयडीसीत जाणारी माणसं कामाची बस सोडून तिच्या पडवीत येऊन बसायची.

एकदा एक सुपरवायझर आला, अंगभर पित्ताच्या गांधी उठलेल्या. भागीआयने आमसुलाचं पाणी चोळलं, काय खाल्लंस विचारलं, झोप लागते का विचारलं. झोपेचं विचारल्यावर तो बायकोवर आला, आणि थांबेचना. शेवटी म्हातारी म्हणाली, "बाबा, गांधी उतरतील. बायकोवर पाला नाय माझ्याकडं."

पुढे तो गांधी नसतानाही येऊन बसायचा.

* * *

चंदू सुट्टीवर आला होता. बागेचा दगडी गडगा ढासळला होता, तो रचायला गेला. चिऱ्याखाली फुरसं होतं, ते बोटाला चावलं. फुरसं दिसायला वीत-दीड वीत, पण आमच्याकडे जितकी माणसं त्याने नेली तितकी नागानेही नेली नसतील.

घाबरलं कोणीच नाही. औषध देणारी घरातच, तीही सख्खी आई. भागीआयने मुळी उगाळून लेप दिला, दंडाला दोरी आवळली. चंदू चहा प्यायला, थट्टा करत होता, आता गडगा तूच पुरा कर म्हणून. खांदे होते, फोन केला की रिक्षा पऱ्यापलीकडे येत होती. आणि अख्खी वाडी अंगणात बसून सूज उतरायची वाट बघत होती. दुपारी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा धावाधाव झाली.

दवाखान्यातली डॉक्टरीण एवढंच म्हणाली, "सकाळीच का नाही आणलंत?"

भागीआय समोरच उभी होती. डॉक्टरणीचं तरी काय चुकलं?

* * *

त्यानंतर भागीआयने कुणाला एक पान दिलं नाही. माणसं यायची, ही दारातूनच सांगायची, "माझ्याकडं काय नाय." जेवणही हळूहळू नावापुरतं उरलं. म्हातारी अशीच वाळून संपणार, हे आम्हाला दिसत होतं.

तिची सून शेवंती, चंदूची बायको, तिला ताट वाढायची, डोक्याला तेल घालायची. दोष एकदाही दिला नाही. आणि तेच म्हातारीला खात होतं. मी शेवंतीला म्हटलं, बाई, एकदाची कडाकडा भांड आणि दोघी मोकळ्या व्हा.

शेवंती म्हणाली, "भांडले तर तिला उत्तर द्यावं लागेल. काय देईल ती?"

मी तोंडाची फाटकी म्हणून वाडीत प्रसिद्ध. तिथे मात्र तिच्या हातातलं ताट घेतलं आणि घासायला बसले.

* * *

औषधांचा डबा सुरू केला तो शेवंतीनेच. बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, आता आपलं सामान आपल्याकडे हवं. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. त्यात क्षारांची पाकिटं, पट्ट्या, कापूस, बॅटरी, आरोग्य केंद्राच्या आशाताईने समजावून दिलेल्या तापाच्या गोळ्या. झाकणावर तिने माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: "साप चावला तर हा डबा उघडू नये. सरळ दवाखाना."

मुंबईच्या नवऱ्यांना निरोप गेला, जमेल ते पाठवा. आमच्या गटातल्या कमळीचा नवरा एका बंगल्यावर वॉचमन. त्याने बाईसाहेबांकडून मागून भारीपैकी गोळ्या पाठवल्या. आशाताईने पाकीट वाचलं आणि कपाळाला हात लावला. कुत्र्याच्या होत्या!

कमळीने तोवर दोन खाल्ल्या होत्या. आशाताई तिला वेड्यासारखं विचारतेय, चक्कर येते का, उलटी होते का. कमळी म्हणते, "पण कंबर थांबली हो माझी."

तिला त्याच पावली दवाखान्यात नेऊन दाखवून आणली. तेव्हापासून आशाताईने वाचल्याशिवाय डब्यात काही जात नाही.

* * *

मग डोली. बांबूला घोंगडी बांधायची, आजाऱ्याला आत घालायचं, दोन्हीकडून खांदा द्यायचा. हे पुरुषांचं काम. पण मे संपला की पुरुष कुठून आणणार? शेवंती म्हणाली, आपण उचलायचं.

पहिल्यांदा भाताचं पोतं उचललं. पोतं काय, कण्हत नाही, हलत नाही. जिवंत माणूस हवं. बसायला कोणी तयार होईना, धडधाकट माणसाने डोलीत बसणं अपशकुनाचं. शेवटी सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

कमळी म्हणाली, "शकूताई, तूच बस. तुला उचलली की मग वाडीत कुणालाबी उचलू."

बसले! साकवावर त्यांनी मला असं काही हेलकावलं की पुन्हा आजारी पडायचं नाही हे मी तिथेच ठरवलं.

* * *

भातकापणीत वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्याला फुरसं चावलं. गणपतीला आलेले पुरुष केव्हाच परत गेलेले. निरोप आमच्याकडे आला. आम्ही डोली घेऊन धावलो, त्याला आत घातला. तो डोळे मिटून कण्हत होता. अर्ध्या वाटेवर शुद्धीवर आल्यासारखा झाला, विचारतो, कोण उचलतंय? कोणीतरी सांगितलं, बायका.

"कंच्या वाडीच्या?"

आमच्या हातचं पाणी त्या घरात कधी चाललं नव्हतं. माझ्या जिभेवर चांगलं झणझणीत काही आलं होतं. पण पुढच्या खांद्याला शेवंती होती. ती चालता चालता म्हणाली, "आबा, उतरायचंय काय?"

आबांनी डोळे पुन्हा मिटून घेतले. वेळेत पोचलो, इंजेक्शनं मिळाली, वाचले. आम्ही सगळ्या आनंदाने बडबडत होतो. शेवंती दवाखान्याच्या नळावर पाय धूत बसली होती. पाय केव्हाचे स्वच्छ झाले होते.

घरी आलो तर भागीआय दारातच उभी. म्हणाली, "वाचला?"

शेवंती म्हणाली, "वाचला."

म्हातारी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही.

* * *

विहिरीवर एकीने मला ऐकवलं, म्हातारीनेच पोराला मारलं म्हणून. मी कळशी खाली ठेवली. तुझ्या तिन्ही बाळंतपणांत तुझं अंग कुणी शेकलं, म्हटलं, ते आठव आणि मग पाणी भर. ती पाणी भरून निघून गेली. मी भांडण जिंकले. भागीआयच्या पोटात त्याने एक घास जास्त गेला नाही.

* * *

गेल्या पावसात साकवावरून पाणी गेलं आणि वाडी तुटली. शेवंतीची सायली खोकत होती. बाप गेला तेव्हा ती रांगत होती, आता शाळेत जाते. ताप नव्हता, धाप नव्हती. आशाताईने फोनवर सगळं विचारून घेतलं, साधा खोकला आहे म्हणाली, गरम काहीतरी द्या, श्वास जोरात चालला तर लगेच कळवा.

मी त्यांच्याकडेच लसूण सोलत बसले होते. शेवंतीने फळीवरून डबा काढला. हातात धरून थोडी उभी राहिली आणि परत वर ठेवला. मग पोरीला घेऊन चुलीपाशी गेली. भागीआय तिथे शेकत बसली होती.

"आये, काढा करा."

म्हातारीने मान वर केली नाही. "माझ्याकडं काय नाय."

शेवंतीने पदरातून अडुळशाची पानं काढली, भिजलेलीच, आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

बऱ्याच वेळाने भागीआयने टोप चुलीवर चढवला. अर्धं पाणी निखाऱ्यांवर सांडलं. मी उठायला गेले, शेवंतीने डोळ्यांनीच बसवलं. काढा उकळला, तिने तो गाळला, गूळ घातला, वाटीत ओतला. सायलीने हात पुढे केला.

म्हातारीने वाटी मागे घेतली आणि स्वतः प्यायली. तळापर्यंत. मग भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसून राहिली, काढा अंगात भिनायची वाट बघत.

सायली विचारत होती, माझा कुठाय? शेवंती म्हणाली, थांब. आणि तीही सासूच्या शेजारी टेकून बसली. बाहेर पाऊस कोसळत होता. माझा लसूण सोलून झाला तरी मी हलले नाही.

कितीतरी वेळाने भागीआय उठली. टोप पुन्हा गरम केला. दुसरी वाटी भरली आणि सुनेपुढे धरली.

शेवंतीने ती चाखलीसुद्धा नाही. फुंकर घातली आणि सरळ पोरीच्या ओठांना लावली.