सुमनताई, बेडूक आणि लागलेलं पाणी

सुरतेकडच्या उधना, गोडादरा, कडोदरा आणि पंचक्रोशीतल्या समस्त बेडूकवर्गास कळविण्यात अत्यंत दुःख होते की, तुमच्या खाजगी आयुष्यात जन्मभर डोकावणाऱ्या आमच्या सुमनताई आता राहिल्या नाहीत. दोन मिनिटं डराव डराव बंद ठेवावं, ही विनंती.

ताई माझी चुलत बहीण. काकांना मिलमध्ये काम मिळालं म्हणून लहानपणी खानदेशातून सुरतेला आली (मागोमाग आम्हीही), शिकली, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागली. बेडकाचे शुक्राणू हलतात कसे, हे तिचं आयुष्यभराचं वेड. जेवताना कोणाच्या घशाखाली घास उतरो न उतरो, ती सांगणारच. "नराच्या अंगात असतात तोवर ते निपचित पडलेले असतात, बाळ्या. तळ्याचं गोडं पाणी लागलं की जागे! मग अंडं गाठायला अगदी थोडा वेळ."

"म्हणजे आपल्याला सुरतेचं पाणी लागलं, तसंच?"

"तस्संच! आणि बेडकांच्या नात्यातल्या काही जातींनी पुढे तळंच सोडलं. मीलन मादीच्या पोटात होऊ लागलं. तिथे कुठलं गोडं पाणी? मग शुक्राणूंना त्या दाट द्रवातच पोहावं लागलं. पाणी बदललं, की चाल बदलते."

निवृत्तीनंतर गोडादऱ्याला तिच्या शेजारी कमलमावशी राहायच्या. त्यांची सून रेखा... लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. मावशी तिला या बाबाकडे, त्या डॉक्टरीणबाईकडे नेत. मुलाला, सुनीलला, कोणीच कुठे नेलं नाही. आता रेखाला माहेरी धाडायची भाषा सुरू झाली होती. भिंतीपलीकडून ताईला सगळं ऐकू येई.

तेव्हा ताई बरीच आजारी होती. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हटलेलं. तिने जाहीर केलं, "मंडळाच्या हळदीकुंकवाला माझं भाषण. विषय बेडूक."

अध्यक्ष धावत आले. "ताई, विषय जरा... समोर बायाबापड्या असणार."

"मग? पोरं काय तुम्हाला होणारेत?"

अध्यक्षांनी चहासुद्धा घेतला नाही.

मी तिला खुर्चीसकट हॉलमध्ये नेलं. तिच्या हातात मिलमधल्या लूमची एक जुनी स्प्रिंग होती. फेसात घरटं करणाऱ्या काही बेडकांचे शुक्राणू असेच पिळदार असतात, म्हणून. स्प्रिंग थरथरवत ती बोलत राहिली. धाप लागली की थांबायची, पुन्हा सुरू. शेवटी म्हणाली, "अंडं तयार असतं. वाट बघत असतं. पण नराकडचे हललेच नाहीत, तर बेडकीचा काय दोष?"

रेखाने मान वर केली. माईक सांभाळायला बसलेल्या सुनीलने खाली घातली.

ती स्प्रिंग अजून ताईच्या खोलीत खिळ्याला लटकते आहे. परवा आवराआवर करताना मी तिला नुसतं बोट लावलं... बराच वेळ थरथरत राहिली. आणि मला त्या दिवशी हळदीकुंकवाचं ताट हातात घेऊन भर हॉलमध्ये उभ्या राहिलेल्या कमलमावशी दिसल्या, मुलावर अस्सल अहिराणीत ओरडताना:

"ए सुन्या! सकायले तू बी चाल दवाखानामा! नुसती बेडकीलेच किती दिन दखाडसू?"