रेडिओवरच्या बाईला मिक्सरने गप्प करताना

मामा सकाळी दाढीला बसले की रेडिओ लागायचा. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच, जयपूरला, खातीपुऱ्यात राहतात. नवरा फौजेत, तेव्हा लांब ड्यूटीवर. घरात आम्ही दोघंच, आणि गाण्यांच्या मधे ती जाहिरातीतली बाई: दिवस राहिले की लगेच दवाखान्यात चला, पहिल्या तीन महिन्यांतच तपासून घ्या. सासऱ्यांसमोर हे ऐकायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. ती सुरू झाली की मी मिक्सर लावायची, वाटायला काही नसलं तरी.

कारण मला दिवस गेले होते आणि ते फक्त नवऱ्याला माहीत होतं, तेही फोनवर. आमच्या साताऱ्याकडे तीन महिने भरेपर्यंत बाहेर सांगत नाहीत. दवाखान्यात जायचं म्हणजे सांगितल्यासारखंच की. मागच्या खेपेला मी घाईघाईनं सगळ्यांना सांगून बसले होते. मग पोट पडलं, आणि गावातल्या बाया मला बघून आवाज बारीक करायला लागल्या. काय केलं होतं मी? तरी तोंड लपवायची पाळी माझ्यावरच. म्हणून या वेळी ठरवलं, टिकलं तरच बोलायचं.

एक दिवस लाइट गेली. मिक्सर बंद, रेडिओ मात्र सेलवर चालू. ती बाई अगदी शेवटपर्यंत बोलली. मी कणिक मळत मान खाली घालून उभी.

"दाखवलंस का कुठं?" मामांनी आरशातून नजर न काढता विचारलं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "काय दाखवायचंय?" मी म्हटलं.

"चहाच्या वासानं बाहेर पळतेस. आंधळा आहे का मी? आवर, रिक्षा बघतो."

दवाखान्यात सगळ्या बायकांबरोबर नवरा नाहीतर आई. माझ्याबरोबर अर्धी दाढी केलेले मामा. नर्सनं विचारलं, "पहला बच्चा है?" मी पटकन मान हलवली.

"नहीं जी, दूसरा," मामा मागून म्हणाले. "पहला रहा नहीं."

बाकावरच्या सगळ्या बायांनी वर बघितलं. माझे कान तापले.

डॉक्टरीणबाईंनी मग मागचं सगळं खोदून विचारलं. बीपी वाढलेलं निघालं, गोळ्या दिल्या. बाळाचे ठोके चांगले आहेत म्हणाल्या. मला रडू आलं, पण राग काही जाईना. बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि म्हटलं, "मामा, चारचौघांत सांगायची काय गरज होती?"

मामा बराच वेळ औषधाची पिशवी उघडत आणि बंद करत राहिले.

"तुझ्या सासूला पहिल्या खेपेला अंगावर सूज होती," ते म्हणाले. "दवाखान्यात न्यायची मला लाज वाटली. बायकोला घेऊन तसल्या रांगेत कसं बसायचं, म्हणून. आठव्या महिन्यात मुलगी गेली."

माझ्या नवऱ्याच्या आधी या घरात कुणी होतं, हे मला त्या बाकावर कळलं. त्याला ते आजही माहीत नाही.